जुना कॅमेरा बंद आहे? आधी सेल तपासा!

कापडाच्या ठाणाची वरची घडी धुळीने मळली म्हणून कोणी शहाणा व्यापारी सगळे ठाण चिंध्यांच्या भावात काढत नाही. वरचा दीड-दोन मीटर तुकडा कापून बाजूला ठेवतो आणि आतला माल पुऱ्या भावाने विकतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या बाबतीत मात्र आपले लोक उलटे करतात. बटण दाबले, आवाज आला नाही, की "मशीन खलास" असे म्हणून कॅमेरा भंगाराच्या ढिगात टाकतात. त्यातले कितीतरी कॅमेरे आतून ठणठणीत असतात. बिघडलेला असतो तो फक्त सेल, नाहीतर सेलच्या खालचा पत्रा.

हे मला स्वतःचे नुकसान होता होता कळले. मोबाइल नव्हते त्या काळात आम्ही नव्या डिझाइनचे फोटो काढून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना टपालाने पाठवत असू. त्यासाठी एक जुना कॅनन एई-१ घेतला होता. मोबाइल आले आणि कॅमेरा कपाटात गेला. पुष्कळ वर्षांनी पुतण्याने मागितला तेव्हा तो मुका झालेला होता. एका दुकानात दाखवला. न उघडताच उत्तर मिळाले, "सर्किट गेले, पार्टच्या भावात देऊन टाका." देणारच होतो, पण मन होईना. मग एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने कॅमेरा हातात घेतला आणि म्हणाला, "सेठ, आधी झाकण तर उघडू द्या." आत सेल फुटून पांढरी भुकटी जमली होती. सिरक्यात भिजवलेल्या कापसाने त्याने जागा पुसली, नवा सेल घातला, बटण दाबले आणि 'खट्' असा आवाज आला. पंधरा-वीस मिनिटांचे काम!

पुढे सुट्टीच्या दिवशी मी त्या उस्तादांच्या पाटाजवळ जाऊन बसू लागलो. तपासणीचा जो क्रम त्यांनी शिकवला तो आज व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवत आहे. हा धंदा थोड्या भांडवलात होतो, जागा कमी लागते आणि हातात हुन्नर असलेल्या तरुणाला त्यात दोन पैसे निश्चित मिळतात.

मागणी पुन्हा का आली?

डिजिटल कॅमेरे आणि मोबाइल आल्यावर फिल्मचा धंदा बसला, हे खरे. परंतु गेल्या काही वर्षांत कॉलेजची मुले, लग्नाचे फोटोग्राफर आणि हौशी मंडळी पुन्हा फिल्म मागू लागली आहेत. पेंटॅक्ससारख्या जुन्या कंपनीने २०२४ साली 'पेंटॅक्स १७' हा नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, यावरून मागणीचा अंदाज यावा. तरीही बहुतेक गिऱ्हाइकांना हवे असतात ते १९६० ते १९९० च्या दरम्यान बनलेले धातूचे, वजनदार, पाहताच डोळ्यांत भरणारे कॅमेरे. ते आता नव्याने बनत नाहीत. म्हणजे जो माल आहे तोच दुरुस्त करून फिरवायचा आहे. म्हणून दुरुस्तीचे ज्ञान हेच या धंद्याचे खरे भांडवल आहे.

कॅमेऱ्याला वीज कशाला लागते?

कॅमेरा हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा. विजेच्या हिशेबाने जुन्या कॅमेऱ्यांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे ज्याला सेल लागतच नाही असा कॅमेरा. आपल्याकडे घरोघरी असलेला अ‍ॅग्फा क्लिक-३ त्यातलाच. रशियन झेनिट-ई आणि जपानी ऑलिंपस ट्रिप ३५ यांनाही सेल नाही. त्यांच्या तोंडावर जो खडबडीत काचेचा पट्टा किंवा गोल कडे दिसते, त्यामागे सेलेनियमचा पत्रा असतो. उजेड पडला की तो स्वतःच थोडी वीज तयार करतो आणि मीटरचा काटा हलतो. ट्रिप ३५ तपासणे सोपे आहे. 'ए'वर ठेवून लेन्सभोवतीचे कडे तळहाताने पूर्ण झाकावे आणि बटण दाबावे. खिडकीत लाल निशाण वर आले आणि बटण अडले, तर समजावे की यंत्रणा ठीक आहे. नंतर उन्हात बटण दाबावे. उन्हातही लाल निशाण येत असेल तर सेलेनियम थकले असण्याचा संभव मोठा. त्याला दुरुस्ती नाही, दुसऱ्या कॅमेऱ्यातला चांगला पत्रा काढून बसवावा लागतो.

दुसऱ्या प्रकारात सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी असतो, शटर स्प्रिंगवर चालते. पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम आणि एफएम२, ऑलिंपस ओएम-१ हे या जातीचे. यांचा सेल संपला तरी फोटो निघतो, फक्त उजेडाचा अंदाज स्वतः घ्यावा लागतो. असा कॅमेरा 'सेल नाही म्हणून बंद आहे' असे कोणी म्हणाले तर ते चूक. शटर चालत नसेल तर दोष विजेचा नाही, यंत्राचा आहे.

तिसऱ्या प्रकारात शटरही विजेवर चालते. कॅनन एई-१ आणि ए-१, मिनोल्टा एक्स-७०० हे सेलशिवाय निर्जीव. काही कॅमेऱ्यांनी मधला मार्ग ठेवला आहे. निकॉन एफई सेलशिवाय फक्त 'एम९०' आणि 'बी' या दोन खुणांवर चालतो. याशिका इलेक्ट्रो ३५ सेलशिवाय शटर सोडतो, पण नेहमी १/५०० सेकंदाच्या एकाच वेगाने.

हे तीन प्रकार पाठ असले की अर्धे निदान दुकानाच्या फळीवरच होते.

पायरी पहिली: कॅमेरा चालू केला आहे का?

हसू नका. बंद म्हणून आलेल्या कॅमेऱ्यांत काही नुसते चालू न केलेले असतात. निकॉन एफएम आणि एफई यांचा मीटर फिल्म ओढण्याची दांडी थोडी बाहेर ओढल्याशिवाय सुरू होत नाही. दांडी अंगाला चिकटलेली असेल तर खिडकीतून कितीही पाहा, मीटर मुकाच राहणार. कॅनन ए-१ च्या बटणावर 'एल' म्हणजे लॉक. तो 'ए'वर आणावा लागतो. ओएम-१ च्या माथ्यावर मीटरचा वेगळा स्विच आहे.

के-१००० चे याच्या उलट आहे. त्याला मीटर बंद करण्याचा स्विचच नाही. लेन्सवर टोपण लावले की अंधार होतो आणि सेलचा खर्च जवळजवळ थांबतो. टोपण हरवलेला के-१००० शोकेसमध्ये उजेडात ठेवला तर सेल आपोआप संपतो. गिऱ्हाईक येते तेव्हा काटा हलत नाही आणि सौदा मोडतो. एका टोपणाने हे नुकसान वाचते.

पायरी दुसरी: सेल नवा आहे, पण योग्य आहे का?

बटणासारख्या सेलवर लिहिलेल्या अक्षरांना अर्थ असतो. 'एलआर' म्हणजे अल्कलाइन, नवा असताना दीड व्होल्ट. 'एसआर' म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्ट. 'पीआर' म्हणजे झिंक-एअर, सुमारे १.४ व्होल्ट. 'सीआर' म्हणजे लिथियम, ३ व्होल्ट. एलआर४४ आणि एसआर४४ यांचे माप एकच, ११.६ मि.मी. रुंद आणि ५.४ मि.मी. जाड. म्हणून दुकानदार एकाच्या जागी दुसरा देतो. पण दोघांच्या वागण्यात फरक आहे. अल्कलाइन सेल वापराबरोबर हळूहळू उतरत जातो. सिल्व्हर सेल शेवटपर्यंत जवळजवळ एकच दाब देतो आणि मग एकदम बसतो. मोजमापाच्या यंत्राला दुसरा बरा. सिल्व्हरचा सेल महाग पडतो, पण कॅमेऱ्यात तोच घालावा.

के-१००० ला असा एक सेल लागतो. एफएम, एफई, एफएम२ आणि एक्स-७०० यांना दोन लागतात. या दोहोंऐवजी सीआर१/३एन हा ३ व्होल्टचा एक लिथियम सेलही बसतो. एई-१ आणि ए-१ यांना ६ व्होल्टचा नळकांडीसारखा ४एलआर४४ किंवा ४एसआर४४ लागतो.

आता तपासणी. नुसता मल्टिमीटर लावून "दीड व्होल्ट आहे, सेल ठीक" असे म्हणू नये. मल्टिमीटर सेलवर काहीच ओझे टाकत नाही, त्यामुळे मरतुकडा सेलही दीड व्होल्ट दाखवतो. बैल रिकामा उभा असताना ताकदवान दिसतो, गाडीला जुंपला की खरे कळते. म्हणून दीड व्होल्टच्या सेलच्या दोन टोकांना सुमारे १०० ओहमचा रेझिस्टर एक-दोन सेकंद लावून त्याच वेळी व्होल्ट पाहावेत. चांगला सेल थोडाच उतरतो. थकलेला झरकन एक व्होल्टच्याही खाली जातो.

सेल घालण्यापूर्वी कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसावा, कारण बोटांचे तेलही अडथळा करते. अधिक-उणे खूण पाहून बसवावा. एई-१ चे सेलचे झाकण प्लास्टिकच्या लहान खिट्टीवर असते आणि ती जोर दिला की तुटते. तिथे पेचकस घुसवू नये.

पाऱ्याच्या सेलचा पेच

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या अनेक कॅमेऱ्यांचे मीटर पाऱ्याच्या सेलवर बनवले होते. त्यातला प्रसिद्ध म्हणजे पीएक्स६२५, व्होल्ट १.३५. पाऱ्याच्या सेलचा गुण असा की तो संपेपर्यंत १.३५ वर ठाम राहतो. म्हणून कारखान्यांनी मीटरमध्ये दाब सांभाळणारी वेगळी व्यवस्था ठेवलीच नाही. सेललाच वजनकाट्याचे माप मानले.

पारा हे विष आहे. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने असे सेल विकणे बंद केले. पुढे पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ साली झाला, २०१७ पासून लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये तो मान्य केला. आता खरा पाऱ्याचा सेल मिळत नाही आणि जुना पडलेला मिळाला तरी घेऊ नये. त्याच मापाचा अल्कलाइन '६२५' मिळतो. तो बसतो, काटाही हलतो आणि इथेच फसगत होते. दीड व्होल्टवर साध्या बनावटीचा मीटर आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवतो. फोटोग्राफर त्यावर विश्वास ठेवून कमी प्रकाश देतो आणि फिल्म धुऊन आल्यावर फोटो काळपट येतात. कॅमेरा चालू आहे, पण माप खोटे आहे! मीटरची पट्टी दोन बोटे आखूड असली तर कापडवाल्याचे जे होईल तेच इथे होते.

यावर चार उपाय आहेत.

एक, झिंक-एअर सेल. कानाच्या यंत्राच्या दुकानात ६७५ नंबरचा सेल मिळतो. त्याची निळी चिकटपट्टी काढली की छिद्रांतून हवा आत जाते आणि तो सुरू होतो. ६२५ च्या घरात तो सैल बसतो, म्हणून भोवती रबराचे वेटोळे घालावे. मात्र छिद्रे झाकू नयेत. दाब जुन्या सेलच्या जवळचा मिळतो. खोट एवढीच की पट्टी काढल्यावर तो थोड्या आठवड्यांत वापरला किंवा न वापरला तरी संपतो.

दोन, सिल्व्हर सेल आणि मध्ये शॉट्की जातीचा छोटा डायोड. हा डायोड सुमारे ०.२ व्होल्ट खातो. १.५५ मधून तेवढे गेले की १.३५ राहतात. हे झाळकाम हलक्या हाताच्या कारागिराने करावे.

तीन, सिल्व्हर सेल घालून मीटर नव्याने जुळवून घेणे. हे जाणकाराचे काम आहे.

चार, फरक मोजून फिल्मच्या वेगाच्या चकतीवर तेवढी भरपाई करणे. कडक ऊन, सावली आणि खोलीतला उजेड अशा तीन ठिकाणी मोबाइलच्या लाइट मीटरशी किंवा चांगल्या कॅमेऱ्याशी ताडून पाहावे. तिन्ही ठिकाणी फरक सारखा असेल तरच हा उपाय चालतो.

सगळ्या जुन्या कॅमेऱ्यांना हा त्रास नाही. १९६४ चा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक घ्या. त्याचे मीटर अशा जोडणीचे आहे की सेलचा दाब थोडा वर-खाली झाला तरी काटा मधल्या खुणेवर योग्य जागीच येतो. त्यात सिल्व्हर सेल बेलाशक घालावा. याशिका इलेक्ट्रो ३५ चा मूळ पाऱ्याचा सेल ५.६ व्होल्टचा होता. आज त्यात ४एलआर४४ हा ६ व्होल्टचा सेल नळी आणि स्प्रिंग लावून बसवतात आणि काम व्यवस्थित होते.

पायरी तिसरी: पांढरी भुकटी आणि हिरवा कळंक

सेल ठीक, तरी कॅमेरा मुका, तर सेलचे घर उजेडात भिंगाने पाहावे. अल्कलाइन सेल फुटला की आतला क्षार बाहेर येतो. हवेतील वायू लागून त्याची पांढरी भुकटी बनते. तांब्या-पितळेच्या पट्टीला तो लागला की हिरवा-निळा कळंक चढतो. दोन्हींतून वीज नीट वाहत नाही.

क्षारावर उतारा आंबटाचा. काडीला थोडा कापूस गुंडाळून तो सिरक्यात किंवा लिंबाच्या रसात बुडवावा, पिळून फक्त ओलसर ठेवावा आणि जागा पुसावी. कॅमेऱ्याचे सेलचे तोंड खाली धरावे म्हणजे ओल आत उतरत नाही. बारीक बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत नव्या कापसाने पुसत राहावे. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन वेळा पुसून तासभर वाळू द्यावे. राहिलेला काळपटपणा शाळेच्या खोडरबराने जातो. सँडपेपर किंवा चाकू लावू नये. पट्टीवरचा चकचकीत मुलामा एकदा गेला की तिथे पुन्हा पुन्हा गंज येतो. हाताला मोजे असावेत आणि ती भुकटी डोळ्यांत जाऊ देऊ नये.

अनेकजण घर साफ करतात आणि झाकण विसरतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत वीज झाकणाच्या आट्यांतूनच परत फिरते. आटे मळके असले तर सर्किट पुरे होत नाही. झाकणातली स्प्रिंग आणि आटे खोडरबराने घासावेत. स्प्रिंग दबलेली असेल तर नखाने किंचित उचलावी.

पायरी चौथी: तार आणि स्विच

पुसूनही काम झाले नाही, तर क्षार तारेच्या आत शिरला आहे का ते पाहावे. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा तो रबराच्या आवरणाखालून पुढे सरकतो. वरून तार धड दिसते, आतले तांबे काळे पडून तुटलेले असते. सेल बाहेर काढून मल्टिमीटर सातत्याच्या खुणेवर ठेवावा. एक टोक सेलच्या पट्टीला, दुसरे तार जिथे पोचते तिथे लावावे. आवाज आला नाही तर तार बदलावी. काळ्या पडलेल्या तारेवर झाळ धरत नाही, तेव्हा जुन्या तारेला जोड देण्यात वेळ घालवू नये. बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न वापरावे आणि क्षणभरच टेकवावे, नाहीतर आजूबाजूचे प्लास्टिक वितळते. सेलचे कोणते टोक कॅमेऱ्याच्या अंगाला जोडले आहे हे प्रत्येक मॉडेलमध्ये सारखे नसते, म्हणून जोडण्याआधी जुन्या जोडणीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा.

स्विच वर्षानुवर्षे एका जागी राहिला की त्याच्या पट्ट्यांवर थर बसतो. सेल न घालता तो वीस-तीस वेळा इकडेतिकडे फिरवावा. मीटरचा काटा उड्या मारत असेल तर फिल्मच्या वेगाची चकती आणि शटरची चकती या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेक वेळा फिरवावी. आतला मळ घासून जातो आणि पुष्कळदा काटा ठिकाणावर येतो. या उपायाला पैसा लागत नाही.

पायरी पाचवी: कुठे थांबावे?

इथपर्यंतचे काम हुशार व्यापारीही करू शकतो. पुढचे उस्तादाचे. काही मॉडेलांचे ठरलेले आजार मात्र खरेदी-विक्री करणाऱ्यालाही माहीत हवेत.

मिनोल्टा एक्स-७०० (१९८१) मध्ये खालच्या पत्र्याखाली एक कपॅसिटर असतो. तो म्हातारा झाला की शटर अडते आणि फिल्मची दांडी पुढे जात नाही. लोक समजतात यंत्र जाम झाले. खरा इलाज त्या लहान भागाची बदली. याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये आत रबराचा छोटा तुकडा असतो. तो झिजून भुगा झाला की फिल्म ओढताना येणारा 'खट्ट' आवाज येत नाही आणि शटरचा वेग बिघडतो. दिसायला दोष विजेचा, कारण रबराचे. म्हणून इलेक्ट्रो घेताना दांडी ओढून तो आवाज ऐकावा.

सर्किटची चिप जळाली असेल तर नवी मिळत नाही. तेव्हा त्याच मॉडेलचा फुटक्या लेन्सचा किंवा वाकलेल्या अंगाचा दुसरा कॅमेरा घेऊन त्यातून भाग काढावा लागतो. म्हणून फुटका कॅमेराही फेकू नये. दोन मिळून एक चालू होतो.

एक सक्त ताकीद. ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश आतच बसवलेला आहे, त्याचे अंग शिकाऊ मुलाला उघडू देऊ नका. फ्लॅशचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास दाब धरून असतो आणि सेल काढल्यावरही तो काही काळ टिकतो. जोराचा झटका बसतो. जाणकार माणूस आधी रेझिस्टर लावून तो रिकामा करतो. पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे. पुष्कळ वर्षे पडून असलेला फ्लॅश पहिल्यांदा भरायला बराच वेळ घेतो. ताजे सेल घालून थांबावे, लगेच बाद ठरवू नये.

खरेदीला जाताना

मुंबईत मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात जुने कॅमेरे अजून निघतात. जाताना खिशात दोन एसआर४४, एक ४एलआर४४, खोडरबर, छोटी बॅटरी, भिंग आणि लहान मल्टिमीटर असावा. सगळे मिळून एका डबीत मावते. विकणाऱ्याला अदबीने विचारावे, "भाई, सेल घालून पाहू का?" हो म्हणाला तर दोघांचेही भले. नाही म्हणाला तर बंद मालाच्याच भावाने बोलावे.

समजा, एक एई-१ बंद म्हणून १,००० रुपयांत मिळाला आणि सेलचे घर पांढरे आहे, पण तार धड आहे. सेल आणि साफसफाईला ३०० रुपये लागले, तर माल १,३०० रुपयांत घरी आला. चालू स्थितीत तो कितीला जातो हे बाजारात विचारून घ्यावे आणि मगच बोली करावी. परंतु भुकटी थेट आतल्या प्लेटपर्यंत गेलेली असेल तर तोच कॅमेरा ५०० रुपयांतही महाग आहे. फरक ओळखतो तो कमावतो.

विकताना चिठ्ठी बांधा

दुरुस्त केलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी. कोणता सेल घातला, कोणत्या तारखेला, कोणती तार किंवा भाग बदलला आणि मीटर उन्हात, सावलीत, खोलीत किती बरोबर निघाले, एवढे लिहावे. मीटर तपासले नसेल तर "मीटर तपासलेले नाही" असे सरळ लिहावे. काटा हलतो म्हणून "मीटर ओके" म्हणणे ही फसवणूक आहे. गिऱ्हाइकाने त्या मीटरवर भरवसा ठेवून कुणाच्या निकाहाचे फोटो काढले आणि ते काळे आले, तर तो प्रसंग पुन्हा येत नाही. पैसे परत करून ते नुकसान भरून निघत नाही. मालातला ऐब सांगून विकणारा दुकानदार सुरुवातीला चार सौदे गमावतो, पण त्याच्या दुकानाचे नाव होते.

मीटर तपासण्याची सोपी युक्तीही लक्षात ठेवावी. निरभ्र आकाशात दुपारच्या कडक उन्हात १०० वेगाच्या फिल्मला एफ/१६ आणि १/१२५ सेकंद हे माप जवळपास बरोबर असते. त्यापासून मीटर फार दूर जात असेल तर सेलपासून पुन्हा सुरुवात करावी.

पावसाळ्याआधी एवढे करा

कॅमेरा महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावा. आतला सेल फुटणे हेच बहुतेक दुखण्यांचे मूळ आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत कॅमेरा चामड्याच्या पेटीत कोंडू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा. वापरलेले सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. बटणाएवढा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका आतून जळते, तेव्हा क्षणाचाही उशीर न करता इस्पितळ गाठावे. जुना पाऱ्याचा सेल सापडला तर तो फोडू नये, जाळू नये, कचऱ्यात टाकू नये. वेगळ्या बंद डबीत ठेवून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसारही वापरलेल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात मिसळता येत नाहीत.

माझा एई-१ आज पुतण्याकडे आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर सेल घातल्याची तारीख मी स्वतः लिहिली आहे. ज्या दुकानाने तो न उघडताच मेलेला ठरवला, त्याचे फार चुकले असे मी म्हणत नाही. त्याने फक्त झाकण उघडण्याचे कष्ट घेतले नाहीत. आपल्या कपाटात, माळ्यावर किंवा गोदामात असा एखादा कॅमेरा पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी झाकण उघडा, आतला पत्रा पुसा आणि योग्य सेल घालून बटण दाबून पाहा.